अप्रिय मुखातील सत्य

ज्या मनुष्याचे मत आपणास पटत नाही, किंबहुना ज्याची भाषा, हेतू आणि पक्ष ही सर्वच आपणास अप्रिय आहेत, त्याने एखादे वेळी खरी गोष्ट सांगितली तर ती खरी म्हणून मान्य करावी की नाही? हा प्रश्न दिवाणखान्यातील वादाचा वाटतो आणि त्याचे उत्तरही सर्वांस पाठ असते. सत्य कोणीही सांगितले तरी ते सत्यच, असे म्हणावयास कोणाचीच हरकत नसते. परंतु इतिहासात असेही प्रसंग येतात की ज्या वेळी हे पाठ असलेले उत्तर आचरणात आणणाऱ्याच्या जिवावर बेतते आणि ते न आणल्यास इतर पुष्कळांच्या जिवावर बेतते. नांदेड व लातूर या मराठवाड्यातील दोन गावांच्या आसमंतात १९४६ ते १९४८ या काळात असे तीन प्रसंग आले. तिन्ही वेळी सांगणारा पक्ष वेगळा होता, ऐकणारा वेगळा होता. पण बोलणाऱ्याकडे पाहून बोलणे खोटे ठरविण्याची रीत मात्र तिन्ही वेळी एकच होती.

तो सर्व प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. सोळा जिल्ह्यांच्या त्या संस्थानात दीड कोटीहून अधिक वस्ती होती. तीत तेलुगू, मराठी व कानडी बोलणाऱ्यांचा भरणा मोठा, आणि सत्ता व दरबारची भाषा मात्र उर्दू. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी मुलखाचे. नांदेड हे गोदावरीकाठचे जुने शहर. गुरु गोविंदसिंगांच्या अखेरच्या वास्तव्यामुळे शिखांचेही तीर्थक्षेत्र. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ साली झाला. त्या वेळी ते उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, एक तालुक्याचे गाव होते. पण बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली तेथवर पोहोचल्यापासून त्याची बाजारपेठ वाढत गेली होती आणि तीत कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या मोठमोठ्या पेढ्या होत्या. याच लातुरात सय्यद कासिम रझवी हे वकिली करीत असत. १९४६ साली ते इत्तेहाद-उल-मुस्लिमीन या संस्थेचे अध्यक्ष झाले आणि रझाकार नावाच्या तिच्या स्वयंसेवक दलाला त्यांनी सशस्त्र फौजेचे रूप आणले.

पहिला प्रसंग या रझाकारांविषयीच्या तक्रारींचा. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ साली स्थापन होताच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. स्वामी रामानंद तीर्थ हे या संस्थेचे नेते. रझाकार गावोगाव खंडणी वसूल करतात, ती न देणाऱ्या गावांत लुटालूट आणि जाळपोळ होते, ही तक्रार काँग्रेसचे कार्यकर्ते करीत होते आणि संस्थानाबाहेरची वर्तमानपत्रे ती छापीत होती. नांदेड जिल्ह्यात गोविंदराव पानसरे यांची अर्जापूर येथे १९४६ साली हत्या झाली होती, तेव्हा ही तक्रार हवेतील नव्हती. परंतु हैदराबाद शहरातील एखाद्या सुशिक्षित मुसलमान कुटुंबाच्या दृष्टीने ती करणारे कोण होते? ज्यांना निजामाची सत्ता नाहीशी करावयाची होती तेच. दिल्लीच्या सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली, तीही याच कारणाने प्रचार म्हणून बाजूस सारणे सोपे होते. यात शंका घेण्यापुरते काही गैर नव्हते, कारण काँग्रेसचा हेतू खरोखरच सत्तांतराचा होता आणि लढ्याच्या दिवसांत बातम्या फुगतातही. गैर होते ते इतकेच की, शंका आल्यावर चौकशी करावयाची सोडून शंकेलाच उत्तर समजण्यात आले.

चौकशी करणारी माणसे थोडी होती. फरीद मिर्झा हे नांदेड जिल्ह्यात महसुली अधिकारी होते. जिल्ह्यात काय घडत आहे हे समजण्यासाठी त्यांना वर्तमानपत्राची गरज नव्हती. ते त्यांच्या डोळ्यांदेखत घडत होते. जे स्टेट काँग्रेस सांगत आहे ते या बाबतीत खरे आहे, असे त्यांच्या ध्यानी आले आणि त्यांनी निजामाच्या नोकरीचा राजीनामा दिला. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांच्यासह सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन काढले. रझाकार दल विसर्जित करावे आणि संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, असा त्याचा आशय होता. ते प्रसिद्ध करणाऱ्या पत्रांत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक होते आणि त्याचे संपादक शोएबुल्लाखान हे सत्तावीस वर्षांचे तरुण होते. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतत असता त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घालून मारेकरी थांबले नाहीत, त्यांचा हातही तोडण्यात आला. दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला.

या सात जणांनी आणि त्या संपादकाने आपला धर्म, आपली भाषा किंवा आपल्या समाजाचे हित सोडले होते असे नाही. अप्रिय पक्षाच्या म्हणण्यातील जेवढा भाग स्वतःच्या अनुभवास खरा उतरला तेवढा त्यांनी उघडपणे मान्य केला, आणि तो मान्य न केल्यास आपल्याच समाजावर संकट कोसळेल असे त्यांना दिसत होते. पण त्यांच्या स्वकीयांनी निवेदनातील मजकुराचा विचार करण्याऐवजी तो कोणाच्या पथ्यावर पडतो एवढेच पाहिले. ज्यांनी वेळीच इशारा दिला त्यांना द्रोही ठरविण्यात आले, आणि तो इशारा खरा ठरण्यास महिनाही लागला नाही.

दुसरा प्रसंग नेमका उलट दिशेचा. सीमेपलीकडे, हिंदी हद्दीत, सशस्त्र तरुणांची ठाणी आहेत आणि तेथून टोळ्या येऊन संस्थानातील नाकी व कचेऱ्या लुटतात, अशी तक्रार निजामाचे सरकार सारखी करीत होते. मुंबई, पुणे, नागपूर येथील मराठी वाचकास हे सरकार इतके अप्रिय होते की ही तक्रार म्हणजे रझाकारांच्या पापावर घातलेले पांघरूण होय, असे त्याला वाटणे साहजिक होते. परंतु ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घालून मोठी रक्कम लढ्यासाठी नेली. पुढे हीच घटना मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात अभिमानाने नोंदविली गेली. सीमेवरील कॅम्पांच्या हकीकती स्वतः त्यांत राहिलेल्यांनी लिहिल्या. याचा अर्थ असा की, निजाम सरकारच्या त्या तक्रारीतील घटना खऱ्या होत्या. त्यावरून ते सरकार जो निष्कर्ष काढीत होते, की प्रजा संतुष्ट असून सर्व उपद्रव बाहेरचा आहे, तो मात्र खोटा होता. कॅम्पांत राहणारे तरुण संस्थानातीलच गावांतून परागंदा झालेले होते.

या दोन गोष्टी वेगळ्या करणे म्हणजेच अप्रिय मनुष्याचे बोलणे ऐकण्याची कला होय. तो एखादी घटना सांगतो आणि तिच्यातून एखादा निष्कर्षही काढतो. घटना घडली की नाही हे तपासावयाचे. निष्कर्ष त्या घटनेतून निघतो की नाही याचा विचार करावयाचा. पहिली खरी ठरली म्हणून दुसरा स्वीकारावा लागत नाही, आणि दुसरा अमान्य आहे म्हणून पहिलीही नाकारावी असे होत नाही. निजाम सरकारचे म्हणणे ऐकताना मराठी वाचकाने ही फोड केली नाही तरी त्यात फारसे बिघडले नाही, कारण त्या वेळी न्यायाची बाजू एकंदरीत त्याच्याकडेच होती. परंतु एकदा लागलेली सवय पुढच्या प्रसंगी उपयोगी पडत नाही आणि तो प्रसंग फार दूर नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य संस्थानात शिरले. १७ तारखेस निजामाने नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली आणि पाच दिवसांत पोलीस कारवाई संपली. रझाकारांच्या जाचातून सुटलेल्या मराठवाड्याने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो सर्वथा योग्यच होता. पण त्याच सुमारास पाकिस्तानातील वर्तमानपत्रे आणि पुढारी असे सांगू लागले की, हैदराबादच्या खेड्यापाड्यांत मुसलमानांची सरसकट कत्तल चालू आहे. हिंदुस्थानातील वाचकांस याहून अप्रिय असा बोलणारा त्या वर्षी दुसरा कोणता असणार? फाळणीच्या जखमा ताज्या, काश्मीरची लढाई सुरू. जे आकडे पाकिस्तानातून येत ते अफाट होते. तेव्हा हे सर्व प्रकरण शत्रूचा प्रचार म्हणून झिडकारणे अगदी सोपे होते आणि बहुतेकांनी तसेच केले.

पंतप्रधान नेहरूंनी तसे केले नाही. त्यांच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सदिच्छा मंडळ हैदराबादेस गेले. त्यात काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे दोघे होते. काझीसाहेब हे हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संस्थापक होते. याच ‘पयाम’नेही फरीद मिर्झा आदी सात जणांचे निवेदन छापले होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हे मंडळ सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हिंडले. सात जिल्ह्यांची ठाणी, २१ शहरे व २३ मोठी गावे त्याने प्रत्यक्ष पाहिली आणि ज्या १०९ गावांस जाणे झाले नाही तेथील ५०० हून अधिक माणसांच्या हकीकती ऐकल्या. त्याचा निष्कर्ष असा की, पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली. सर्वांत अधिक हानी झालेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड.

लातूरविषयी अहवालात जे लिहिले आहे ते वाचून आजही मन सुन्न होते. तेथे हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले. गावात सुमारे दहा हजार मुसलमान होते. मंडळ गेले तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले आणि बाकीचे नेसत्या वस्त्रानिशी परागंदा झाले. लातूर हे रझवींचे गाव, म्हणून सूड तेथे अधिक पेटला असेल; पण ज्या पेढीवाल्या, कारागीर आणि हमाल कुटुंबांवर तो उगविला गेला त्यांतील प्रत्येकाने रझाकारांचा गणवेश घातला होता असे कोण म्हणेल?

या अहवालाची मातबरी अशी की, तो एकाच पक्षाच्या सोयीचा नाही. रझाकार गावोगाव मासिक खंडणी बसवीत आणि विरोध झाल्यास लूट व त्याहून भयंकर अत्याचार करीत, हे त्यात नमूद आहे. पुढच्या संहाराचे मूळ त्या अत्याचारांच्या सूडात आहे, हेही त्याने लपविले नाही. हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्यांचे वर्तन सामान्यतः शिस्तीचे होते, असे सांगून कित्येक ठिकाणी शिपायांनी लुटीस उत्तेजन दिले किंवा तीत भाग घेतला, हेही त्याने सांगितले. आणि शेजारी मुसलमानांच्या रक्षणासाठी हिंदूंनी प्राण दिल्याची उदाहरणेही त्याने नोंदविली. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्याच व्यवसायातील मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी त्याची जबर किंमत दिली. पाकिस्तानी प्रचारात ही शेवटची गोष्ट कधीच आली नसती. अप्रिय मुखातून आलेली गोष्ट स्वतः जाऊन तपासली की तिच्यातील अतिशयोक्ती गळून पडते आणि तिच्याबरोबर, बोलणाऱ्याने मुद्दाम गाळलेले सत्यही हाती लागते. नुसते झिडकारणाऱ्याला या दोहोंपैकी काहीच मिळत नाही.

गृहमंत्री सरदार पटेल यांना हा अहवाल रुचला नाही. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांस मंडळाने योग्य ते महत्त्व दिले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यामागे एक व्यावहारिक विचारही असू शकतो: नुकतीच शांत होऊ लागलेली भूमी अशा कागदाने पुन्हा पेटेल आणि शत्रूच्या हाती कोलीत मिळेल. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. अशा आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो प्रत्येक काळी आणि प्रत्येक पक्षात काढला जातो. शत्रूचे खरे मान्य केले तर त्याचे बळ वाढेल, असे त्याचे सार आहे.

महाराष्ट्राला ही कसोटी त्यापूर्वीही एकदा लागली होती. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निर्मूलनासाठी गोऱ्या शिपायांकडून घरतपासणी चालली असता त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडात जाहीरपणे सांगितले. ते पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे बोलले होते. सरकारने आरोप नाकारला, पुरावे मागितले, आणि पुरावे देण्यास कोणी पुढे येईना. स्वदेशी परतल्यावर गोखल्यांनी आरोप मागे घेऊन क्षमा मागितली. त्यासाठी स्वकीयांनीच त्यांची निर्भर्त्सना केली. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना गप्प बसावे लागले. घरतपासणीतील जाच व अपमान खोटे होते असे नाही. सिद्ध न झालेला विशिष्ट आरोप तेवढा त्यांनी मागे घेतला होता. सरकारचे बळ त्यामुळे वाढले का? काही दिवस वाढले. पण त्यानंतर कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर हाच गृहस्थ आकडे मांडू लागला, तेव्हा त्याच्या आकड्यांस खोटे म्हणणे सरकारला सहजासहजी शक्य होत नसे. शब्द परत घेण्याचे धैर्य ज्याने दाखविले, त्याच्या न परतविलेल्या शब्दाला वजन आले.

हैदराबादच्या बाबतीत याच्या उलट घडले. अहवाल दडून राहिल्यामुळे शत्रूच्या हातून कोलीत सुटले नाही, उलट ते त्याच्याच हाती राहिले. वाटेल तो आकडा सांगावयास तो मोकळा झाला, कारण त्याला खोडणारा तपासलेला आकडा कपाटात बंद होता. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनडातील इस्लामच्या अभ्यासकाने १९५० साली या शोकांतिकेवर लिहिले. पण ते परदेशी नियतकालिकात. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे संपूर्ण अहवाल सामान्य वाचकाच्या हाती येण्याजोगा झाला. मधल्या साठ-पासष्ट वर्षांत नांदेड-लातूरच्या घराघरांत दोन निरनिराळे इतिहास सांगितले गेले. एका घरात रझाकारांनी जाळलेल्या वाड्यांची गोष्ट होती आणि सप्टेंबर १७ ला ती संपत असे. दुसऱ्या घरात गोष्ट त्याच तारखेस सुरू होत असे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. प्रत्येक घराला फक्त दुसऱ्या घराची गोष्ट हा प्रचार वाटत होता.

तरीही दोन्ही गोष्टी एकाच मुखाने सांगणारी माणसे मराठवाड्यात झाली. फरीद मिर्झा यांनी पुढे आपल्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या, त्या पोलीस कारवाईच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही दिवसांच्या आहेत. रझाकारांविरुद्ध राजीनामा देणाऱ्या या गृहस्थाने आपल्या समाजावर नंतर आलेला प्रसंगही नोंदविला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२ ते १९८२) हे या मुक्तिलढ्याचे अभिमानी आणि भाष्यकार. ज्याचा विचार खोडावयाचा त्याचा विचार आधी त्याच्याच बाजूने पूर्ण बळानिशी मांडावयाचा, ही त्यांच्या लेखनाची पद्धत होती, आणि त्यांच्या वाचकांत त्यांच्याशी मतभेद असणारेही पुष्कळ होते. ज्या भूमीत ऐकण्याच्या अभावी इतके रक्त सांडले तेथेच अशी पद्धत रुजावी, ही समाधानाची गोष्ट होय.

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून दरवर्षी साजरा होतो आणि तो होणे उचितच आहे. गोविंदराव पानसरे यांचे स्मरण त्या दिवशी होते. शोएबुल्लाखान यांचे नावही कित्येक ठिकाणी आदराने घेतले जाते. त्याच दिवशी लातूरच्या बाजारपेठेतील त्या हजारावर माणसांचे स्मरण केल्याने मुक्तीची थोरवी कमी होण्याचे कारण नाही. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा निजामाच्या सत्तेशी होता, कच्छी व्यापाऱ्याशी किंवा विणकराशी नव्हता. त्या माणसांची गोष्ट प्रथम शत्रूने सांगितली, हा त्यांचा अपराध नव्हे. ती आपण सांगितली असती तर ती शत्रूची राहिली नसती.